मोठ्या क्रीडास्पर्धा आणि शहरी हवेची गुणवत्ता

मोठ्या क्रीडास्पर्धा आणि शहरी हवेची गुणवत्ता यांचा परस्परसंबंध हा पर्यावरणशास्त्र, सार्वजनिक आरोग्य आणि नगरनियोजन या तिन्ही क्षेत्रांत मोडणारा अभ्यासविषय आहे. ऑलिंपिक, राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा, विश्वचषक किंवा मॅरेथॉन यांसारख्या स्पर्धांमुळे यजमान शहरातील वाहतूक, बांधकाम आणि आतषबाजी वाढते व हवेत प्रदूषकांची भर पडते. दुसरीकडे, याच स्पर्धांच्या निमित्ताने प्रशासन वाहतुकीवर व उद्योगांवर एरवी शक्य न होणारे निर्बंध लादते आणि त्यामुळे काही काळ हवा सुधारते. शहराची हवा आधीच दूषित असल्यास खेळाडू व प्रेक्षक यांच्या आरोग्याचा प्रश्न निर्माण होतो. महाराष्ट्रात २०२३ च्या क्रिकेट विश्वचषकादरम्यान मुंबईतील सामन्यांत आतषबाजी न करण्याचा निर्णय झाला आणि हा विषय सार्वजनिक चर्चेत आला.

## हवेच्या गुणवत्तेचे मापन

शहरी हवेतील प्रमुख प्रदूषकांत सूक्ष्म धूलिकण, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड आणि जमिनीलगतचा ओझोन यांचा समावेश होतो. धूलिकणांचे आकारानुसार दोन गट मानले जातात. १० मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी व्यासाच्या कणांना पीएम १० आणि २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी व्यासाच्या कणांना पीएम २.५ म्हणतात. पीएम २.५ कण फुफ्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात, म्हणून ते अधिक घातक समजले जातात.

भारतात २००९ साली अधिसूचित झालेल्या मानकांनुसार पीएम २.५ ची २४ तासांची सरासरी मर्यादा ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आणि पीएम १० ची १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुधारित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत हीच मूल्ये अनुक्रमे १५ आणि ४५ मायक्रोग्रॅम आहेत. सर्वसामान्य नागरिकांना समजेल अशा स्वरूपात माहिती देण्यासाठी २०१५ पासून राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक वापरला जातो. या निर्देशांकात ० ते ५० चांगली, ५१ ते १०० समाधानकारक, १०१ ते २०० मध्यम, २०१ ते ३०० वाईट, ३०१ ते ४०० अतिशय वाईट आणि ४०१ ते ५०० गंभीर अशा सहा श्रेणी आहेत.

## प्रदूषणाचे स्रोत

### प्रवास व वाहतूक

हजारो प्रेक्षक ठरावीक वेळी एकाच ठिकाणी येतात आणि सामना संपताच एकाच वेळी परततात. ते कोणत्या साधनाने येतात हे बहुतांशी मैदानाच्या स्थानावर अवलंबून असते. मुंबईचे वानखेडे मैदान पश्चिम रेल्वेच्या चर्चगेट व मरीन लाइन्स या स्थानकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, तर नवी मुंबईतील डी. वाय. पाटील मैदान नेरूळ येथे उपनगरी रेल्वेच्या आवाक्यात आहे. याउलट पुण्याजवळील गहुंजे येथील महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे मैदान मुंबई–पुणे द्रुतगती मार्गालगत आणि नागपूरचे जामठा येथील मैदान वर्धा मार्गावर शहराबाहेर आहे. अशा मैदानांवर खासगी वाहनांचा वापर वाढतो. कोंडीत अडकलेली वाहने मंद गतीने व इंजिन सुरू ठेवून उभी राहिल्याने प्रति किलोमीटर उत्सर्जनही वाढते.

### आतषबाजी

उद्घाटन, समारोप आणि विजयाच्या वेळी होणाऱ्या आतषबाजीमुळे अल्पावधीत धूलिकणांचे प्रमाण झपाट्याने वाढते. फटाक्यांच्या धुरात पोटॅशियम व गंधक यांची संयुगे तसेच रंगांसाठी वापरलेल्या बेरियम, स्ट्रॉन्शियम, तांबे यांसारख्या धातूंचे अंश असतात. वारा चांगला असल्यास हा धूर काही तासांत विरतो, परंतु थंडीत व शांत हवेत तो मैदानाच्या परिसरातच रेंगाळतो. जर्मनीतील माइन्त्स येथील फुटबॉल मैदानात झालेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सिगारेटचा धूर, खाद्यपदार्थांच्या स्टॉलमधील तळण-भाजण, हातात धरायच्या मशाली आणि रंगीत धूर सोडणाऱ्या नळकांड्या हे मैदानातील कणांचे वेगवेगळे स्रोत म्हणून ओळखण्यात आले.

### बांधकाम

नवी मैदाने, क्रीडानगरी, उड्डाणपूल व रस्ते यांची कामे स्पर्धेच्या कित्येक वर्षे आधी सुरू होतात. या काळात मातीकाम, सिमेंट, राडारोडा आणि अवजड वाहनांची ये-जा यांमुळे पीएम १० चे प्रमाण वाढते. स्पर्धेच्या काळातील मोजमापात हे प्रदूषण दिसत नाही, कारण तोपर्यंत कामे पूर्ण झालेली किंवा थांबवलेली असतात. त्यामुळे केवळ स्पर्धेच्या दिवसांची तुलना करणारे अभ्यास स्पर्धेचा एकूण भार कमी दाखवण्याची शक्यता असते.

### प्रेक्षकांचे घरगुती वर्तन

प्रदूषण मैदानापुरते मर्यादित नसते. चिलीची राजधानी सांतियागो येथे राष्ट्रीय फुटबॉल संघाचे सामने दूरचित्रवाणीवर पाहताना घरोघरी कोळशावर मांस भाजण्याची प्रथा आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तेथील हिवाळ्यातील पीएम २.५ च्या रात्रीच्या विक्रमी पातळ्यांचा संबंध या सामन्यांशी असल्याचे दाखवण्यात आले. चिलीमध्येच कोपा अमेरिका स्पर्धा सुरू असताना २२ जून २०१५ रोजी सांतियागोत पर्यावरणीय आणीबाणी जाहीर करावी लागली होती. भारतात क्रिकेटमधील विजयानंतर गल्लोगल्ली फुटणारे फटाके हे याच प्रकारचे विखुरलेले स्रोत आहेत. त्यांच्यावर मैदानातील बंदीचा परिणाम होत नाही.

## खेळाडूंच्या आरोग्यावरील परिणाम

विश्रांतीच्या अवस्थेत प्रौढ व्यक्ती मिनिटाला सुमारे ६ ते ८ लिटर हवा आत घेते. तीव्र व्यायामात हे प्रमाण १०० लिटरच्याही पुढे जाऊ शकते. शिवाय धाप लागल्यावर श्वास तोंडाने घेतला जातो आणि नाकातील गाळणीचा लाभ मिळत नाही. त्यामुळे त्याच हवेत बसलेल्या प्रेक्षकापेक्षा धावणाऱ्या खेळाडूच्या फुफ्फुसांत कित्येक पट अधिक प्रदूषके जातात. खोकला, डोळे व घसा चुरचुरणे, छाती भरून येणे, दम्याचा झटका आणि कामगिरीत घट हे तात्कालिक परिणाम होत.

दम्याचा त्रास असलेले इथिओपियाचे धावपटू हेले गेब्रसेलासी यांनी २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमधील मॅरेथॉनमधून प्रदूषणाच्या कारणाने माघार घेतली आणि तेथे ते १०,००० मीटर शर्यतीत धावले. प्रत्यक्षात त्या मॅरेथॉनच्या दिवशी हवा अपेक्षेपेक्षा चांगली होती. केनियाच्या सॅम्युएल वांजिरू यांनी २ तास ६ मिनिटे ३२ सेकंदांत ऑलिंपिक विक्रम केला.

## महाराष्ट्रातील स्थिती

### २०२३ चा क्रिकेट विश्वचषक

५ ऑक्टोबर ते १९ नोव्हेंबर २०२३ या काळात झालेल्या विश्वचषकातील प्रत्येकी पाच सामने मुंबईतील वानखेडे मैदानावर आणि पुण्याजवळील गहुंजे येथे झाले. हा काळ मोसमी पाऊस परतल्यानंतरचा होता. पावसामुळे हवा धुतली जाणे थांबते, समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याचा जोर कमी होतो आणि जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली अडकते. त्यामुळे मुंबईत ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून धूलिकण साचू लागतात. शहरात एकाच वेळी सुरू असलेली इमारतींची व पायाभूत सुविधांची बांधकामे ही त्यातील महत्त्वाची भर असते.

२१ ऑक्टोबर रोजी इंग्लंड व दक्षिण आफ्रिका यांच्यातील सामन्यानंतर इंग्लंडचे फलंदाज जो रूट यांनी वानखेडेवर श्वास घेणे अवघड गेल्याचे सांगितले. त्या दिवशी उष्णता व दमटपणाही मोठा असल्याने याचे कारण केवळ प्रदूषण होते असे म्हणता येत नाही. २५ ऑक्टोबर रोजी बृहन्मुंबई महानगरपालिकेने बांधकामांतील धूळ रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. उंच इमारतींच्या कामाभोवती ३५ फूट उंचीचे पत्रे लावणे, इमारतीला कापडाचे आच्छादन घालणे, पाण्याची फवारणी करणे आणि राडारोडा झाकून नेणे यांचा त्यांत समावेश होता.

३१ ऑक्टोबर रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील हवेच्या ढासळत्या गुणवत्तेची स्वतःहून दखल घेतली. त्याच सुमारास भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने मुंबई व दिल्ली येथील उर्वरित सामन्यांत आतषबाजी होणार नाही असे जाहीर केले. त्यानंतर वानखेडेवर २ नोव्हेंबरचा भारत–श्रीलंका, ७ नोव्हेंबरचा ऑस्ट्रेलिया–अफगाणिस्तान आणि १५ नोव्हेंबरचा भारत–न्यूझीलंड उपांत्य सामना असे तीन सामने झाले. दिवाळी जवळ आल्याने उच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर रोजी फटाके फोडण्यास सायंकाळी ७ ते रात्री १० अशी मुदत घालून दिली आणि १० नोव्हेंबर रोजी ती रात्री ८ ते १० अशी कमी केली.

आतषबाजी बंद केल्याने मैदानाच्या परिसरातील तात्कालिक धूर टळतो, मात्र बांधकाम, वाहने व उद्योग यांतून येणाऱ्या रोजच्या प्रदूषणात त्यामुळे फरक पडत नाही. उच्च न्यायालयापुढील सुनावणीही मुख्यत्वे या दैनंदिन स्रोतांविषयी होती. सामन्यांमुळे मुंबईच्या हवेकडे देशाचे लक्ष वेधले गेले, हे या प्रकरणाचे महत्त्व मानले जाते.

### मुंबई मॅरेथॉन

२००४ साली सुरू झालेली मुंबई मॅरेथॉन जानेवारी महिन्यात होते. उष्णता व दमटपणाच्या दृष्टीने हा महिना धावण्यास सर्वांत अनुकूल असतो. परंतु हवेच्या गुणवत्तेच्या दृष्टीने हिवाळा हाच वर्षातील प्रतिकूल काळ आहे. शर्यत पहाटे सुरू केल्याने ऊन टळते, मात्र पहाटे हवेचा अडकलेला थर अद्याप विरलेला नसतो. ४२.१९५ किलोमीटर अंतर कापण्यास हौशी धावपटूंना चार ते सहा तास लागतात, म्हणून त्यांचा प्रदूषित हवेशी संपर्क अव्वल धावपटूंच्या दुपटीहून अधिक काळ राहतो. दुसऱ्या बाजूने, शर्यतीसाठी दक्षिण मुंबईतील प्रमुख रस्ते व वांद्रे–वरळी सागरी सेतू वाहनांसाठी बंद ठेवले जात असल्याने धावमार्गावरील ताजा धूर काही तास कमी होतो.

### जालना जिल्हा आणि घनसावंगी परिसर

केंद्र सरकारने २०१९ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात महाराष्ट्रातील मुंबई, पुणे, नागपूर या महानगरांबरोबर मराठवाड्यातील छत्रपती संभाजीनगर, जालना व लातूर या शहरांचाही समावेश आहे. पोलाद पुनर्वेलन उद्योगासाठी प्रसिद्ध असलेल्या जालना शहराचा समावेश हवेची गुणवत्ता केवळ महानगरांचा प्रश्न नसल्याचे दर्शवतो. हा कार्यक्रम शहरांसाठी असल्याने घनसावंगी, अंबड किंवा परतूर यांसारखी तालुक्याची ठिकाणे त्याच्या कक्षेत येत नाहीत.

अशा ठिकाणी आंतरराष्ट्रीय स्पर्धा होत नसल्या तरी खेळ व हवा यांचा संबंध असतोच. कुस्तीचे फड, कबड्डीचे सामने आणि टेनिस चेंडूच्या क्रिकेटस्पर्धा हिवाळ्यात व उन्हाळ्याच्या प्रारंभी मोकळ्या, गवत नसलेल्या मैदानांवर भरतात. तेथे उडणारी धूळ हा पीएम १० चा मुख्य स्रोत ठरतो. मैदानावर आधी पाणी मारणे हा रूढ उपाय धूळ कमी करण्यासही उपयुक्त असतो, परंतु टंचाईग्रस्त मराठवाड्यात तो नेहमी शक्य होत नाही. याशिवाय पोलीस भरतीतील मुलांच्या १६०० मीटर व मुलींच्या ८०० मीटर धावण्याच्या चाचणीसाठी तयारी करणारे युवक-युवती पहाटे रस्त्याच्या कडेने सराव करतात. हिवाळ्यात पहाटे धूर जमिनीलगत साचलेला असतो. त्यामुळे शाळा-महाविद्यालयाच्या मैदानावर, वाहतुकीच्या रस्त्यापासून दूर आणि ऊन वर आल्यानंतर केलेला सराव तुलनेने सुरक्षित ठरतो.

## दिल्लीतील घटना

भारतात प्रदूषणामुळे सामन्यांवर प्रत्यक्ष परिणाम झाल्याच्या सर्वाधिक घटना दिल्लीत घडल्या आहेत.

* नोव्हेंबर २०१६ : दाट धुरक्यामुळे रणजी करंडकातील बंगाल–गुजरात व हैदराबाद–त्रिपुरा हे दोन्ही सामने रद्द करावे लागले.
* नोव्हेंबर २०१७ : भारतीय वैद्यकीय संघटनेने दिल्ली अर्धमॅरेथॉन पुढे ढकलण्याची मागणी केली. दिल्ली उच्च न्यायालयाने स्थगिती नाकारली व शर्यत १९ नोव्हेंबर रोजी पार पडली.
* डिसेंबर २०१७ : फिरोजशाह कोटला मैदानावरील भारत–श्रीलंका कसोटीत ३ डिसेंबर रोजी श्रीलंकेचे क्षेत्ररक्षक मुखपट्टी लावून उतरले. खेळ अनेकदा थांबला आणि भारताने ७ बाद ५३६ धावांवर डाव घोषित केला.
* नोव्हेंबर २०२३ : विश्वचषकातील बांगलादेश–श्रीलंका सामन्यापूर्वी दोन्ही संघांनी प्रत्येकी एक सराव सत्र रद्द केले. ६ नोव्हेंबरचा सामना मात्र ठरल्याप्रमाणे झाला.

## जागतिक अनुभव

### अटलांटा, १९९६

अटलांटा ऑलिंपिकच्या १७ दिवसांत शहराच्या मध्यभागी खासगी वाहनांना मज्जाव करण्यात आला, सार्वजनिक वाहतूक २४ तास सुरू ठेवली गेली आणि सुमारे १००० जादा बसगाड्या चालवण्यात आल्या. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार सकाळच्या गर्दीच्या वेळची वाहतूक २२.५ टक्क्यांनी, ओझोनची दैनिक कमाल पातळी सुमारे २८ टक्क्यांनी आणि एका शासकीय आरोग्य योजनेतील मुलांच्या दम्याच्या तातडीच्या उपचारांची संख्या ४१.६ टक्क्यांनी घटली. हा अभ्यास वाहतूक नियंत्रणाच्या समर्थनार्थ दीर्घकाळ उद्धृत केला गेला. परंतु २०१० साली झालेल्या फेरतपासणीत ओझोनमधील घट त्याच काळात आसपासच्या इतर भागांतही झाल्याचे आढळले. तीमागे हवामानाचा मोठा वाटा असल्याचे आणि रुग्णालयांतील भेटी घटल्याचा पुरावा कमकुवत असल्याचे या तपासणीतून दिसून आले.

### बीजिंग, २००८

बीजिंगमध्ये २० जुलैपासून वाहनांसाठी सम-विषम क्रमांकांची योजना लागू झाली, बांधकामे थांबवण्यात आली आणि शौगांग पोलाद कारखान्यासह अनेक उद्योगांचे उत्पादन घटवण्यात आले. १२५ निरोगी तरुणांवर केलेल्या व २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ओझोन वगळता बहुतेक प्रदूषकांत १३ ते ६० टक्के घट आढळली. रक्तातील दाह व गुठळी होण्याशी निगडित निर्देशकही सुधारले, मात्र निर्बंध उठताच ते पूर्वपदाकडे गेले. २०१५ सालच्या दुसऱ्या अभ्यासानुसार ज्या मातांच्या गरोदरपणाचा आठवा महिना ऑलिंपिकच्या काळात होता, त्यांच्या बाळांचे जन्मवजन २००७ व २००९ मधील त्याच काळाच्या तुलनेत सरासरी २३ ग्रॅमने अधिक होते.

स्वच्छ हवेचे लाभ अल्पावधीतही शरीरात दिसून येतात, हा या अभ्यासांचा प्रमुख निष्कर्ष आहे. मात्र हवा सुधारण्याचे श्रेय किती प्रमाणात निर्बंधांना व किती वारा-पावसाला द्यावे, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत. स्पर्धेनंतरच्या वर्षभरात मिळवलेली सुधारणा बऱ्याच अंशी ओसरल्याचेही नोंदवले गेले आहे.

## नियम व न्यायालयीन हस्तक्षेप

क्रिकेटच्या नियमांतील दुसऱ्या नियमानुसार मैदान, हवामान किंवा प्रकाश धोकादायक अथवा अवाजवी असल्यास खेळ थांबवण्याचा अधिकार पंचांना आहे. या नियमात हवेच्या गुणवत्तेचा कोणताही आकडा दिलेला नाही. अंधुक प्रकाश पंच उपकरणाने मोजू शकतात, परंतु श्वासाची हवा कोणत्या पातळीला धोकादायक मानावी हे प्रत्येक वेळी नव्याने ठरवावे लागते. सामना रद्द झाल्यास प्रक्षेपण, तिकिटे व गुणतक्ता यांवर होणारा परिणाम मोठा असल्याने आयोजकांचा कल खेळ सुरू ठेवण्याकडे राहतो. त्यामुळे निर्देशांकाची निश्चित मर्यादा आधीच ठरवावी अशी सूचना तज्ज्ञांकडून केली जाते.

क्रीडास्पर्धा व नैसर्गिक संसाधने यांच्यातील संघर्षात महाराष्ट्रातील न्यायालयाने हस्तक्षेप केल्याचे ठळक उदाहरण पाण्यासंबंधीचे आहे. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने १३ एप्रिल रोजी इंडियन प्रीमियर लीगचे ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश दिला. मैदानांवर वापरल्या जाणाऱ्या पाण्याविरुद्धच्या जनहित याचिकेवर हा आदेश होता आणि त्या वेळी लातूरला रेल्वेने पाणी पुरवले जात होते. हवेच्या बाबतीत सामने हलवण्याचा असा आदेश महाराष्ट्रात झालेला नाही.

## दीर्घकालीन परिणाम

स्पर्धेसाठी लादलेले तात्पुरते निर्बंध उठल्यानंतर हवा पूर्ववत होते, असा बहुतेक शहरांचा अनुभव आहे. टिकून राहतात त्या दोन गोष्टी : कायमस्वरूपी सार्वजनिक वाहतूक आणि मोजमापाची यंत्रणा. दुसऱ्या प्रकारचे उल्लेखनीय उदाहरण पुण्याशी निगडित आहे. ३ ते १४ ऑक्टोबर २०१० या काळात दिल्लीत झालेल्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘सफर’ ही हवेच्या गुणवत्तेचे मापन व पूर्वानुमान करणारी प्रणाली विकसित केली. शास्त्रज्ञ गुफरान बेग हे या प्रकल्पाचे संचालक होते. स्पर्धा संपल्यानंतरही प्रणाली बंद न करता २०१३ मध्ये पुणे, २०१५ मध्ये मुंबई आणि २०१७ मध्ये अहमदाबाद येथे तिचा विस्तार करण्यात आला. पाहुण्या खेळाडूंसाठी उभारलेली ही सेवा अशा रीतीने रहिवाशांच्या उपयोगी आली.

नोव्हेंबर २०२५ मध्ये २०३० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला देण्यात आले. त्यामुळे भारतीय शहरांत स्पर्धापूर्व बांधकामातील धूळ, प्रेक्षकांची वाहतूक आणि खेळाडूंसाठी हवेची मर्यादा हे प्रश्न पुन्हा उपस्थित होणार आहेत.

## हे सुद्धा पहा

* हवा गुणवत्ता निर्देशांक
* राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम
* महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ
* वानखेडे स्टेडियम
* जालना जिल्हा
* घनसावंगी